टेकडीत बसलेला बुद्ध

साप्पोरो शहराच्या भुयारी रेल्वेची नाम्बोकु मार्गिका दक्षिणेला जिथे संपते, त्या माकोमानाई स्थानकाबाहेरच्या बसमध्ये त्या दिवशी दोन तऱ्हेची माणसे बसली होती आणि ती त्यांच्या हातांवरूनच ओळखू येत होती. काहींच्या हातांत कागदात गुंडाळलेल्या शेवंतीच्या जुड्या होत्या, तर काहींच्या हातांत कॅमेरे होते. बस एकच होती आणि उतरायचा थांबाही एकच होता. माझ्या शेजारी बसलेल्या वृद्ध बाईंच्या मांडीवर फुले होती, माझ्या मांडीवर कॅमेरा होता, आणि शहर मागे पडून दोन्ही बाजूंना झाडी सुरू होईपर्यंत मला त्या कॅमेऱ्याचा संकोच वाटत राहिला. जिथे कोणी आपल्या माणसाला भेटायला निघाले आहे, तिथे आपण प्रेक्षणीय स्थळ पाहायला निघावे, हे कितपत बरोबर आहे, हा प्रश्न मी घरून सोबत घेऊनच निघाले होते, पण शेजारच्या मांडीवरच्या फुलांमुळे तो एकदम अंगावर आला.

माकोमानाई ताकिनो रेइएन हे त्या ठिकाणाचे नाव. जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरचे हे स्मृतिउद्यान सुमारे १८० हेक्टरांवर पसरलेले आहे. ‘रेइएन’ या शब्दात दोन अक्षरे आहेत. पहिल्याचा अर्थ आत्मा आणि दुसऱ्याचा अर्थ बाग. मराठीत यासाठी नेमका शब्द सापडत नाही, कारण ‘स्मशान’ म्हटले की चिता आठवते, ‘दफनभूमी’ म्हटले की माती आठवते, आणि इथे या दोन्ही गोष्टी नाहीत. जपानमध्ये जवळजवळ प्रत्येक मृताचे दहनच होते, पण ते दुसरीकडे होते. दहनानंतर घरची माणसे लांब काड्यांनी अस्थी वेचतात. वेचायला सुरुवात पायांच्या अस्थींपासून करायची आणि डोक्याच्या अस्थी शेवटी ठेवायच्या, म्हणजे कलशात माणूस उलटा होत नाही. तो कलश मग घराण्याच्या दगडी समाधीखालच्या कोनाड्यात जातो, आणि दगडावर बहुतेक वेळा एकट्या माणसाचे नाव नसते, सबंध घराण्याचे असते.

पायांपासून डोक्यापर्यंतचा हा क्रम मी प्रथम वाचला, तेव्हा कितीतरी वेळ पुढचे पान उलटवले नव्हते. आईच्या अस्थी आम्ही तिसऱ्या दिवशी वेचल्या, तेव्हा असा काही क्रम आम्हाला कोणी सांगितला नव्हता. राख अजून कोमट होती आणि जे हाताला लागेल ते आम्ही मडक्यात ठेवत गेलो. पांढऱ्या फडक्याने तोंड बांधलेले ते मडके नदीत रिकामे झाले आणि पाच-सात श्वासांत पाणी पुन्हा पूर्वीसारखे दिसू लागले. या रीतीत काही उणे आहे असे मला म्हणायचे नाही. पण त्यानंतर तिच्या आठवणीने कुठे जावेसे वाटले, तर जायला जागा उरली नाही, हेही खरे आहे. दुसऱ्यांच्या समाध्या पाहायला मी ज्या ओढीने जाते, तिचे मूळ बहुधा इथेच असावे.

उद्यानात शिरल्यावर आधी बुद्ध दिसत नाही. आधी दिसतात ते ईस्टर बेटावरच्या मोआई मूर्तींच्या नमुन्यावर घडवलेले ३३ दगडी पुतळे, रांगेने उभे, लांब चेहऱ्यांचे, आणि त्यांच्यापासून काही अंतरावर इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन शिलावर्तुळाची प्रतिकृती. माझे मन खट्टू झाले. मृतांच्या विसाव्याच्या जागेवर अशा जगभरच्या नकला कशाला, असे वाटले, आणि ही जागा करमणुकीची बाग होण्याच्या मार्गावर आहे अशी नोंदही मी वहीत केली. तिथल्या तिथे, त्या रांगेपुढे उभी असतानाच, मला ती नोंद खोडावी लागली. मूळच्या मोआई मूर्ती म्हणजे त्या बेटावरच्या लोकांचे पूर्वज आहेत. ज्या दगडी चौथऱ्यांवर त्या उभ्या आहेत, त्यांच्या ठायी मृतांना ठेवले जात असे. स्टोनहेंजच्या वर्तुळातही दहन केलेल्या अस्थी मोठ्या संख्येने सापडल्या आहेत आणि त्यांतल्या सर्वांत जुन्या सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. म्हणजे ज्या दोन गोष्टी मला इथे उपऱ्या वाटल्या, त्या मुळात मृतांच्याच होत्या. आपण त्यांना पर्यटनाच्या चित्रांत इतके पाहिले आहे की त्यांचे मूळ काम विसरून गेलो आहोत.

मोआईंच्या पलीकडे, जमिनीच्या हलक्या चढावर, एक गोल टेकडी दिसते आणि तिच्या माथ्यातून एका मस्तकाचा वरचा भाग बाहेर आलेला दिसतो. जपानी लोक याला ‘आतामा दाइबुत्सु’ म्हणतात. आतामा म्हणजे डोके आणि दाइबुत्सु म्हणजे महाबुद्ध. मी गेले तेव्हा जुलै महिना चालू होता आणि टेकडीवर लावलेल्या दीड लाख लव्हेंडरच्या झुडपांना बहर आला होता. जांभळ्या उतारावर दगडाचे करडे डोके, आणि त्याच्यावर होक्काइदोचे निवळ आकाश. हाच उतार वसंतात हिरवा असतो आणि हिवाळ्यात पांढरा होतो, तेव्हा बर्फ बुद्धाच्या कुरळ्या केसांवरही साचतो.

या मूर्तीची हकीकत मला स्थापत्याइतकीच मोलाची वाटते. १३.५ मीटर उंचीचा आणि १५०० टन वजनाचा हा बसलेला बुद्ध आजची टेकडी होण्याआधी सुमारे १५ वर्षे उघड्या माळावर एकटाच बसलेला होता. काम सुबक होते, दगड उत्तम होता, आकार तर डोळ्यांत भरण्यासारखाच होता. तरीही आजूबाजूच्या मोकळ्या जमिनीशी त्याचे नाते जुळत नव्हते. समाध्यांना येणाऱ्या लोकांच्या मनात या बुद्धाविषयी अधिक ओढ वाटावी म्हणून उद्यानाच्या चालकांनी वास्तुकार तादाओ आंदो यांना बोलावले. आंदो यांचा जन्म १९४१ मध्ये ओसाका इथे झाला. तरुणपणी ते मुष्टियोद्धे होते, वास्तुकलेचे महाविद्यालयीन शिक्षण त्यांनी घेतलेले नाही, आणि १९९५ मध्ये त्यांना वास्तुकलेतला प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला. अशा माणसाने या मूर्तीसाठी काय सुचवावे? मूर्ती झाकून टाकावी, असे त्यांनी सुचवले. तिच्याभोवती टेकडी रचायची, डोके तेवढे वर ठेवायचे आणि आत जायला बोगद्यातून वाट ठेवायची. हे काम २०१५ च्या अखेरीस पुरे झाले.

जे १५ वर्षे सर्वांना दिसत होते आणि कोणाचे पाऊल अडवत नव्हते, ते झाकल्यावर लोक लांबून येऊ लागले. सगळे उघडे मांडले की पाहणाऱ्याला करण्यासारखे काही उरत नाही, हे आपल्या देवळांच्या गाभाऱ्यांनाही ठाऊक होते. तिथला अंधार गैरसोय म्हणून ठेवलेला नाही. आंदो यांनी आवाजी बेटावर १९९१ मध्ये बांधलेल्या होन्पुकुजी मंदिरातही हेच केले आहे. तिथे वर दिसते ते फक्त कमळांचे लंबवर्तुळाकार तळे, आणि तळ्याच्या मधोमध पाण्यात शिरणाऱ्या पायऱ्या उतरल्यावर त्याखाली बुद्धाचे मंदिर लागते.

ताकिनोला बोगद्याआधी पाणी लागते. काँक्रीटच्या नितळ भिंतींमध्ये एक आयताकृती उथळ जलाशय आहे, आणि त्याच्यामुळे बुद्धाकडे सरळ जाता येत नाही; डावीकडून किंवा उजवीकडून वळसा घ्यावा लागतो. हा वळसा मुद्दाम ठेवलेला आहे. रोजच्या जगातून आलेले मन त्या चार पावलांत थोडे गळून पडावे, हा त्यामागचा विचार. मी डावीकडून निघाले. वारा नव्हता, पाण्यात ढग थांबून राहिले होते, आणि पुढे चाललेल्या शाळकरी मुलांच्या घोळक्याचा आवाज, कोणी दटावल्याशिवाय, जलाशयाच्या अर्ध्यापर्यंत येता येता खाली आला. मी ते कानांनी ऐकले, म्हणून सांगते.

बोगदा ४० मीटर लांब आहे. काँक्रीटच्या कमानी एकीमागून एक अशा लागलेल्या आहेत, आणि बरगड्यांच्या पिंजऱ्यातून आत चालत जावे तसे वाटते. टोकाला उजेड आहे आणि त्या उजेडात मूर्तीची मांडी, हात, छाती दिसते, पण चेहरा दिसत नाही. तो अजून वर, कमानीच्या आड असतो. पावलागणिक तो थोडा थोडा खाली येतो. हनुवटी येते, ओठ येतात, आणि बोगदा संपून आपण गोल अंगणात पाऊल टाकतो तेव्हा माथ्यावरचे छत नाहीसे झालेले असते आणि मस्तकाभोवती आकाशाचे एक मोठे वर्तुळ असते. जुन्या मूर्तींच्या मागे शिल्पकार प्रभावळ कोरत असत. इथे ती कोरलेली नाही, आकाशच ते काम करते, आणि म्हणून ती दर तासाला बदलते. मी तिथे असताना ढगाचा एक तुकडा कानाशी आला, थोडा रेंगाळला आणि पुढे गेला.

अंगणातून बाहेर आल्यावर मी समाध्यांच्या ओळींकडे गेले, आणि बसमधल्या त्या बाई मला तिथे दिसल्या. त्यांनी बाहेरच्या मांडणीवरून एक बादली आणि लांब दांड्याची पळी घेतली होती. आधी त्यांनी फुलदाणीतली वाळलेली फुले काढून कागदात बांधली. मग चौथऱ्याच्या फटीतले गवत नखांनी उपटले. दगडावर पाणी ओतून त्यांनी तो वरून खाली पुसला, आणि त्यानंतर फडक्याचे टोक तर्जनीवर गुंडाळून कोरीव अक्षरांच्या खोबणी एकेक करून साफ केल्या. लहान मुलाचे कान पुसावेत तशा, बोट हलके फिरवत. एका अक्षराच्या कोपऱ्यात शेवाळ अडकले होते. त्यांनी बोट काढले, फडके ओले केले आणि पुन्हा त्याच कोपऱ्यात घातले. मग शेवंती ठेवली, उदबत्ती लावली, आणि गुडघे दुमडून त्या बसल्या तेव्हा मला भान आले की मी वाटेच्या तिठ्यावर उभी राहून त्यांच्याकडे पाहत होते. मी खाली मान घालून वंदन केले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, बसल्या बसल्याच वाकून त्याचा स्वीकार केला आणि पुन्हा हात जोडले. माझे तिथे असणे त्यांना खटकले नाही, एवढे मला त्यांच्या वाकण्यावरून कळले.

बुद्धाच्या अखेरच्या दिवसांची हकीकत सांगणाऱ्या पालीतल्या महापरिनिब्बान सुत्तात एक प्रसंग आहे, तो मला तिथे उभ्या उभ्या आठवला. बुद्धाचा अंतकाळ जवळ आला आहे आणि त्यांचा शिष्य आनंद म्हणतो की आजवर भिक्खू तुमच्या दर्शनाला येत, तुमच्या पश्चात ते होणार नाही. बुद्ध त्याला चार स्थाने सांगतात: जिथे जन्म झाला ते, जिथे बोधी मिळाली ते, जिथे पहिले प्रवचन झाले ते आणि जिथे परिनिर्वाण झाले ते. या चारही स्थानांना तिथे दोन विशेषणे लावलेली आहेत, ‘दस्सनीय’ आणि ‘संवेजनीय’. पाहण्याजोगी, आणि संवेग जागवणारी. संवेग हा शब्द मराठीत आता विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात जाऊन बसला आहे आणि चालत्या वस्तूच्या वस्तुमानाचा नि वेगाचा गुणाकार एवढाच त्याचा अर्थ आपल्याला माहीत असतो. पालीत त्याचा अर्थ आहे नश्वरता समोर पाहून मनाला बसणारा हादरा, जो माणसाला होता तिथे राहू देत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे की ही दोन विशेषणे एकाच दमात आली आहेत. प्रेक्षणीय स्थळ वेगळे आणि अंतर्मुख करणारे स्थळ वेगळे, अशी वाटणी त्या वचनात नाही. पाहायला येणे हीच तिथे हादरा बसण्याची पहिली पायरी आहे.

त्याच सुत्तात स्तूप कुठे बांधावा हेही सांगितले आहे. चार मोठे रस्ते मिळतात तिथे, चव्हाट्यावर. गावाबाहेर, आड जागी, फक्त आप्तांनी यावे अशा ठिकाणी बांधा, असे म्हटलेले नाही. आणि तिथे जे कोणी फुले वाहतील, गंध लावतील, वंदन करतील किंवा नुसतेच ज्यांचे चित्त तिथे प्रसन्न होईल, त्यांचे दीर्घकाळ कल्याण होईल, असे त्यात आहे. येणाऱ्याने मृताचा कोण लागतो हे सांगावे, अशी अट नाही. दहनानंतर अस्थींवरून राजे भांडू लागले, तेव्हा द्रोण नावाच्या ब्राह्मणाने त्यांचे आठ सारखे वाटे केले आणि आठ ठिकाणी स्तूप उभे राहिले. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसाने थांबावे, हाच त्या स्तूपांचा हेतू होता. बसमध्ये मला टोचत असलेल्या प्रश्नाला यापेक्षा जुने आणि यापेक्षा मोकळे उत्तर मला सापडलेले नाही.

मात्र या मोकळेपणाचाही एक कायदा असतो, आणि तो जागेने पाळून घ्यावा लागतो. जपानमधल्याच कोया पर्वतावरच्या ओकुनोइन या जुन्या समाधिस्थळी मी काही वर्षांपूर्वी गेले होते. शिंगोन या बौद्ध पंथाचे संस्थापक कुकाई यांनी ८१६ मध्ये त्या पर्वतावर मठाचा पाया घातला. ८३५ मध्ये ते गेले, पण त्या पंथाचे लोक त्यांना गेलेले मानत नाहीत, ते ध्यानस्थ आहेत असे मानतात आणि त्यांच्यासाठी दररोज दोनदा जेवण नेले जाते. त्यांच्या सान्निध्यात विसावा मिळावा म्हणून उंच सूचिपर्णी वृक्षांखाली सुमारे दोन किलोमीटरच्या वाटेवर दोन लाखांहून अधिक समाध्या आणि स्मारके झाली आहेत. तिथेही पर्यटकांची वर्दळ असते. पण शेवटच्या ओढ्यावर एक पूल आहे, आणि त्या पुलापलीकडे छायाचित्र घ्यायचे नाही, टोपी काढायची, हा नियम आहे. ताकिनोला पुलाचे काम जलाशय आणि बोगदा करतात. फलकावरच्या सूचनेने माणूस गप्प होतो. वाट लांबवल्याने तो आपोआप शांत होतो. या दोन्हींत मला दुसरी रीत अधिक भावली, कारण तिच्यात येणाऱ्यावर विश्वास टाकलेला आहे.

शिवाय आज जपानमधल्या समाध्यांना या येणाऱ्यांची गरज आहे. घराण्याची समाधी पुढच्या पिढीने सांभाळावी, ही व्यवस्था मुलेबाळे भरपूर होती आणि जवळ राहत होती तोवर चालली. आता मुले कमी आहेत आणि दूरच्या शहरांत आहेत. ज्यांचे कोणी उरले नाही अशा मृतांसाठी ‘मुएनबोतोके’ हा शब्द आहे, म्हणजे नाते तुटलेले मृतात्मे. अशा समाधीपाशी फलक लावून वारसाने वर्षभरात संपर्क साधावा असे कळवले जाते. कोणी आले नाही, तर दगड हलवून अस्थी एकत्रित समाधीत नेता येतात. काही कुटुंबे आपण होऊनच समाधी मिटवतात आणि मंदिराकडे किंवा स्मृतिउद्यानाकडे ‘एइताइ कुयो’, म्हणजे कायमचे स्मरणविधी, सोपवून मोकळी होतात. त्या वृद्ध बाईंनंतर अक्षरांच्या खोबणीतले शेवाळ कोण काढणार आहे, मला ठाऊक नाही. पण ज्या उद्यानात लव्हेंडर पाहायला, मूर्ती पाहायला, एका वास्तुकाराची करामत पाहायला का होईना, बारा महिने माणसे येत राहतात, त्या उद्यानातला मृत पूर्णपणे एकटा पडत नाही, असे मला मनापासून वाटते.

भाजे लेण्यांत मुख्य चैत्यगृहापलीकडे १४ लहान स्तूपांचा समूह आहे, काही गुहेत आणि काही बाहेर. तिथे राहिलेल्या आणि तिथेच देह ठेवलेल्या भिक्खूंची ती स्मारके आहेत. काहींवर नावे कोरलेली आहेत, धम्मगिरी, संघदिन. त्या भिक्खूंना वारस नव्हते, त्यांनी ते आधीच सोडले होते. सुमारे दोन हजार वर्षे त्यांच्या नावांपुढे थांबत आले ते वाटसरू, आणि अलीकडे सहलीला आलेले. त्या नावांपुढे उभी असताना मला एकदाही कॅमेऱ्याचा संकोच वाटला नव्हता, हे ताकिनोच्या त्या तिठ्यावर लक्षात आले.

परतीच्या बसला अवकाश होता, म्हणून मी पुन्हा एकदा बोगद्यातून आत जाऊन आले. उन्हे कलली होती, अंगणात सावली उतरली होती आणि फक्त चेहऱ्याच्या वरच्या भागावर ऊन राहिले होते. बाहेर येताना पुन्हा तो जलाशय लागला. सकाळी मी डावीकडून आत आले होते. आता परतताना समोरची, म्हणजे न चाललेली बाजू धरली. निम्म्यावर आल्यावर ध्यानात आले की जातानाही पाणी माझ्या उजव्या हाताला होते आणि आताही उजव्याच हाताला आहे. म्हणजे नकळत प्रदक्षिणा पुरी होत आली होती. मी पावले मंद केली आणि उरलेली बाजू जाणूनबुजून चालले. मधोमध मूर्ती नव्हती, दगड नव्हता, नाव नव्हते. फक्त पाणी होते, आणि आईला आम्ही पाण्याच्याच हवाली केले होते.